बाईंच्या पाच चौकटी

बाई डोळे करत असत. कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर त्या तेवढंच सांगत, "डोळे करते." समोरचा आधी हसायचा, मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसू आवरायचा. अपघातात किंवा आजारात ज्याचा एक डोळा गेला, त्याच्यासाठी दुसऱ्या डोळ्याशी हुबेहूब जुळणारा कृत्रिम डोळा घडवायचा, रंगवायचा आणि बसवून द्यायचा, हे त्यांचं काम. बाविसाव्या वर्षी काकांच्या हाताखाली शिकल्या. काका गेल्यावर एकट्याच करू लागल्या. आता चौपन्नाव्या वर्षीही एकट्याच.

पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. मागची राहायची, पुढची कामाची. पुढच्या खोलीला मोठी खिडकी होती. रंग जुळवायला दिवसाचाच उजेड लागतो, म्हणून बाईंचं टेबल तिथून कधी हललं नाही. खाली चष्म्याचं दुकान होतं. त्या चष्मेवाल्यांनी सव्वीस वर्षं बाईंकडे माणसं पाठवली. गिऱ्हाईक जरा वेळ घुटमळलं, काळा चष्मा मागून वर आणखी काहीतरी विचारायचं राहिलंय असं वाटलं, की ते हळूच म्हणत, "वर जाऊन बघा. बाई आहेत."

चष्मेवाले थकले, दुकान देऊन मुलीकडे राहायला गेले. त्या जागी आता नळ आणि तोट्या विकायला आल्या. नळवाल्याला वर काय चालतं याचा पत्ता नव्हता, आणि बाईंनीही आपणहून सांगितलं नाही. काय सांगणार? "तोटी घ्यायला आलेल्यांपैकी कुणाला डोळा हवा असेल तर वर पाठवा"? आठ महिन्यांत चार माणसं जिना चढून आली. चारही जुनी, डोळ्याला वर्षाचं पॉलिश करून घ्यायला आलेली.

हे सगळं बाईंनी एका रविवारी भाचीला फोनवर सांगितलं. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. दूरच्या शहरात नोकरी करायची, कॉम्प्युटरचं काहीतरी.

"मावशी, तुझं वेब पेज हवं," भाची म्हणाली. "आता कुणी जिने चढून चौकशी करत नाही. आधी फोनवर बघतात."

"मग कर ना तू."

"करते. नाव, पत्ता, वेळ सगळं मी टाकते. पण वर फोटो हवेत, एकामागून एक सरकणारे. ते तू करायचंस."

"मी? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. मी केलं तर एक फोटो बदलायचा म्हटलं तरी तू माझ्या मागे लागशील, आणि मी दर वेळी 'उद्या करते' म्हणेन. मला मी चांगली माहीत आहे. रेशमाच्या धाग्यातून केसाएवढ्या शिरा काढतेस तू. कोडच्या चाळीस ओळी लिहिता येणार नाहीत तुला?"

आठवड्याभरात भाचीचा जुना लॅपटॉप आला. त्याच्या झाकणावर तिच्या कॉलेजातल्या दिवसांतलं मांजराचं चित्र अजून चिकटलेलं होतं. दर रविवारी सकाळी अकराला शिकवणी सुरू झाली. बाई टेबल आवरून, चहा पिऊन, केस विंचरून बसायच्या. फोनवर तोंड दिसायचं नाही, तरी विंचरायच्या.

"आधी फोटो नकोत," भाचीने पहिल्याच दिवशी सांगितलं. तिला तिथून बाईंचा स्क्रीन दिसत होता. "आधी पाच चौकटी करू, पाच रंगांच्या. सरकायला लागल्या की मग आत फोटो."

पाच चौकटी झाल्या. लाल, निळी, पिवळी, हिरवी, करडी. पण त्या एकीखाली एक रांगेने उभ्या राहिल्या, रेशनच्या रांगेसारख्या.

"आता चौघींना पडद्याआड बसवायचं आणि एकीलाच समोर ठेवायचं," भाची म्हणाली. "'पुढे'चं बटण दाबलं की समोरची आत जाते, तिच्यानंतरची बाहेर येते. कुणाची पाळी आहे ते लक्षात ठेवायला एक नंबर लागतो. पहिलीचा नंबर शून्य."

"पहिलीचा शून्य? तिने काय पाप केलंय?"

"अगं, कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो."

"म्हणजे शेवटचीचा चार. मग पाच नंबर कुणाचा?"

"कुणाचाच नाही. म्हणून तर शेवटच्या चौकटीवर 'पुढे' दाबलंस की नुसतं पांढरं येतं. पाचवर पोचलं की परत शून्यावर आणायचं, असं आपणच लिहून सांगायचं त्याला."

"घड्याळासारखं," बाई म्हणाल्या. "बारानंतर तेरा वाजत नाहीत."

"मावशी! मला हेच समजायला चार दिवस लागले होते."

असं सगळं चालायचं, आणि कामाच्या फटीफटींतून गप्पा यायच्या. भाचीने केस अगदी आखूड कापले होते. तिच्या वरच्या मजल्यावरचा माणूस ढोलकी शिकत होता आणि तीन महिन्यांत एकही ठेका पुरा वाजवू शकला नव्हता. ऑफिसात एक जण रोज तिचा कप वापरायचा आणि "तुझा का?" असं रोज नव्याने विचारायचा. बाई टाईप करता करता ऐकायच्या. एक तास, कधी सव्वा तास. फोन ठेवल्यावर कान गरम झालेला असायचा.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, ते जमलं. बाईंनी 'पुढे' दाबलं, लाल जाऊन निळी आली. निळीनंतर पिवळी, हिरवी, करडी. आणि करडीवर दाबल्यावर पांढरं न येता लाल आली. बाईंनी पुन्हा दाबलं. मग 'मागे' दाबलं. लाल जाऊन करडी आली. खोलीत एकट्या असूनही त्या मोठ्याने म्हणाल्या, "अरे वा!" चाळीसएक वेळा तरी त्यांनी ती चक्रं फिरवली असतील.

भाचीला सांगायला त्यांनी फोन उचलला. तिचं नाव काढलं. मग बोट तिथंच थांबलं. झालं म्हणून सांगितलं, तर रविवारी काय?

त्यांनी फोन खाली ठेवला.

रविवारी साडेदहाला त्यांनी लॅपटॉप उघडला आणि पाचवरून शून्यावर आणणारी ओळ पुसून टाकली. अकराला फोन वाजला.

"झालं का गं?"

"नाही ना. शेवटच्या चौकटीनंतर पांढरंच येतंय."

खोटं इतक्या सहज तोंडातून निघालं, याचं त्यांनाच नवल वाटलं. भाचीने हसत हसत ती ओळ पुन्हा लिहून घेतली, आणि ढोलकीवाल्याला त्या आठवड्यात एक ठेका जमल्याची बातमी दिली.

पुढच्या रविवारी बाईंनी कोडमधला एक कंस काढून ठेवला. त्याच्या पुढच्या रविवारी 'मागे'चं बटणही पुढेच न्यायला लागलं. मग एकदा पाचही चौकटी पडद्याबाहेर येऊन उभ्या राहिल्या. चूक नीट करायची तर आधी बरोबर काय ते पक्कं ठाऊक असावं लागतं. बाईंना आता ते ठाऊक होतं.

या सगळ्या आठवड्यांत दुसरंही एक काम चालू होतं. चौकटी रंगांच्या ठेवून भागणार नव्हतं. फोटो हवे होते, आणि फोटो म्हणजे बाईंनी डोळे करून दिलेली माणसं. बाईंकडे एक जाडजूड वही होती. तिच्यात प्रत्येकाच्या बुबुळाचे रंग, बाहुलीचं माप, पांढऱ्यातली पिवळसर झाक, सगळं लिहिलेलं. त्यातून त्यांनी अकरा जण निवडले, ज्यांचं काम मनासारखं झालं होतं असे, आणि एकेकाला फोन लावला.

ट्रकचालक आधी खूश झाला. "बाई! किती दिवसांनी!" मग फोटोचं ऐकल्यावर त्याचा आवाज खाली गेला. "नको हो. बायकोला माहीत नाहीये."

"अजून?"

"बावीस वर्षं झाली. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

एका गाण्याच्या मास्तरांनी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला. आवाज त्यांचाच होता. दुधाच्या डेअरीतल्या बाईंनी फोटो द्यायचं कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून नाही म्हटलं. मुलीचं लग्न जमत होतं. कुणी रागावलं नाही, कुणी वेडंवाकडं बोललं नाही. फक्त नको म्हणाले.

बाईंना यात नवीन काही नव्हतं. काम चांगलं झालं म्हणजे ते कुणाला कळत नाही, आणि ज्या एका बाईला कळतं ती समोर आली की माणसं अवघडतात. बाजारात बाईंना आपले डोळे दिसत. कधी भाजी निवडताना, कधी बसच्या रांगेत. वर्षानुवर्षं ज्यांच्या पापणीला हात लावला ती माणसं बाईंना बघून डोळा चुकवत, रस्ता ओलांडून पलीकडे जात. बाईही मग दुकानाच्या काचेत काहीतरी बघत उभ्या राहत. त्यांना कुणाच्या लग्नाचं बोलावणं कधी आलं नव्हतं. कुणी विचारलं असतं "या कोण?" तर काय सांगायचं?

अकरापैकी दहावा फोन एका निवृत्त मुख्याध्यापिकेला होता. फोन मुलाने घेतला.

"आई मार्चमध्ये गेली," तो म्हणाला. "आपण कोण?"

"मी... मी त्यांच्या डोळ्यांसाठी..."

"डोळ्यांसाठी? कसलं?"

त्याच्या आवाजातला गोंधळ खरा होता. बाईंच्या ध्यानात आलं की याला काहीच माहीत नाही. "चष्म्याबद्दल," त्या घाईघाईने म्हणाल्या. "चष्म्याचं काम होतं. राहू द्या. वाईट वाटलं ऐकून."

अकरावा फोन त्यांनी केलाच नाही.

दहाएक दिवसांनी, दुपारी, जिन्यावर पावलं वाजली. अनोळखी पावलं. जुन्या माणसांना चौथी पायरी उंच आहे हे माहीत असतं; हा माणूस तिथे अडखळला. दारात पंचेचाळिशीचा, खांद्याला कापडी पिशवी लावलेला गृहस्थ उभा होता.

"तुम्हीच चष्म्याबद्दल फोन केला होता ना?" असं म्हणून त्याने पिशवीतून एक गोल डबी काढली आणि टेबलावर ठेवली. "हा चष्मा का?"

डबीवर बाईंच्या अक्षरातला, त्यांच्या वहीतला आकडा आणि इथल्या पत्त्याचा शिक्का होता. आत कापसावर जुना डोळा होता, तपकिरी बुबुळाचा, नवा केल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी घरी ठेवून दिलेला.

"बसा," बाई म्हणाल्या.

तो बसला नाही. "आईच्या कपाटात सापडली. तिच्या शालीत गुंडाळलेली. मी आधी घाबरलोच. मग तुमचा फोन आठवला." त्याने डबीवर बोट ठेवलं. "डावा का उजवा?"

"खरंच हवंय तुम्हाला?"

"हो."

"तुम्हाला काय वाटतं?"

त्याने फोन काढला आणि आईचे फोटो उघडले. शाळेच्या निरोप समारंभातला. बागेतल्या बाकावरचा. आजारपणातला, उशीला टेकून बसलेला. एकेक फोटो बोटाने सरकवत, मोठा करत तो बघत होता, आणि बाई त्याच्या खांद्यावरून बघत होत्या. "उजवा," तो शेवटी म्हणाला.

"डावा."

तो पुन्हा पहिल्या फोटोवर गेला. पुन्हा सगळे बघितले. "मी छापखान्यात मुद्रितं तपासतो," तो म्हणाला. "अठरा वर्षं. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं पोट भरण्याचं साधन. एक अनुस्वार सुटला तरी मला दिसतो. आणि हिच्यासमोर बसून रोज जेवलो मी."

"अनुस्वाराला कुणी लपवत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कळू नये म्हणून मी नऊ-नऊ दिवस बसले होते. पहिला डोळा काकांनी केलेला, तुमच्या जन्माच्या आधी. कॉलेजात प्रयोग करताना काहीतरी उडालं होतं. नंतरचे चार मी केले."

आता तो बसला. गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत, उजेडाकडे तोंड करून.

"बाबांना माहीत होतं?"

"त्या म्हणायच्या, नाही. खरंखोटं त्यांनाच ठाऊक."

"तुमच्याशी बोलायची ती?"

"रंग चढवताना तासन्‌तास बसावं लागतं. बोलायच्या की. तुमच्याबद्दलच जास्त. तुम्ही चार वर्षांचे असताना रस्त्यावरच्या पाट्या वाचायचात आणि चुकीची पाटी दिसली की दुकानदाराला जाऊन सांगायचात म्हणे. एकाने तुम्हाला हाकलून दिलं होतं."

तो हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि पुसताना मधेच थबकून हाताकडे बघितलं, जणू आपले दोन्ही डोळे पहिल्यांदाच हाताला लागले. मग त्याला सगळं बघायचं होतं. बाईंनी मेणाचा आकार दाखवला, साचा दाखवला. नखाएवढ्या चकतीवर बुबुळाचे रंग थरावर थर कसे चढतात ते दाखवलं. लाल रेशमाचा धागा विलग करून त्यातला एक तंतू पांढऱ्यावर ठेवला, तेव्हा तो श्वास रोखून बघत होता.

"हे एवढं सगळं," तो म्हणाला, "आणि कुणाला माहीतच नाही?"

बाईंनी त्याला वेब पेजचं सांगितलं. अकरा फोनांचं सांगितलं. त्याच्या आईचा फोटो मागावा असं एकदा मनात आलं. त्यानेच विचारलं, "आईला चाललं असतं?"

"नसतं."

"मग नको. पण चेहरे कशाला हवेत तुम्हाला? हे दाखवा ना. हात दाखवा. काम दाखवा."

जाताना डबी त्याने परत पिशवीत ठेवली. "येईन पुन्हा," तो म्हणाला. "तिचं आणखी काही आठवलं तर सांगा."

बाईंना त्यानंतर कितीतरी आठवलं. मुख्याध्यापिकाबाईंना पालींची भीती वाटायची, त्या इतिहासाच्या तासाला मुद्दाम एक चुकीचं साल सांगून कोण पकडतं ते बघायच्या, असं बरंच. बाईंनी ते एका कागदावर टिपून ठेवलं. तो काही पुन्हा आला नाही.

पण त्याचं म्हणणं डोक्यात राहिलं. कामाचे फोटो काढायचे तर काम हवं, आणि हातात काम नव्हतं. डोळा करायचा तर कुणाचा? जुळवायला समोर माणूसच नव्हतं. शेवटी बाईंनी टेबलावर आरसा उभा केला आणि स्वतःचाच डोळा करायला घेतला. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बुबुळांत डोकावणाऱ्या बाईंनी आपल्या बुबुळाकडे एवढा वेळ कधी बघितलंच नव्हतं. त्या समजत होत्या तपकिरी. तपकिरीत हिरवट रेघा होत्या, आणि कडेला वयाचं राखाडी वर्तुळ येऊ लागलं होतं. ते त्यांनी प्रामाणिकपणे रंगवलं.

फोन रंगाच्या डब्यांना टेकवून, दहा सेकंदांचा अवधी लावून त्यांनी फोटो काढले. मेणाचा आकार. चकतीवरचं बुबुळ. रेशमाचा तंतू चिमट्यात. पॉलिशचं चाक. आणि तळहातावरचा पुरा झालेला डोळा. पाचव्या फोटोसाठी सतरा प्रयत्न करावे लागले, कारण दर वेळी आठव्या सेकंदाला हात थरथरायचा.

शनिवारी त्यांनी रंगांच्या जागी फोटो बसवले. पाचही चौकटी अशा फिरल्या की बाई बघतच राहिल्या. त्या भरात मोडून ठेवायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही. रविवारी साडेदहाला लॅपटॉप उघडला होता, पण त्यावर बोट चालवायचं मन होईना.

अकराला फोन आला. भाचीने तिकडे पेज उघडलं.

"मावशी! काय सुंदर फोटो आहेत गं. हा हात तुझा? आणि..." 'पुढे'च्या बटणाचे आवाज आले. पाच, सहा, सात. "चालतंय हे."

"हो. काल जमलं."

पलीकडे 'मागे'चं बटणही दोनदा वाजलं.

"मावशी, काल नाही जमलं. सहा आठवड्यांपूर्वी जमलं. बुधवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. तू सेव्ह केलंस की मला इथे दिसतं, तारीख-वेळेसकट. आणि रविवारी साडेदहाला तूच ते मोडायचीस, तेही दिसतं."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तू मोडायला लागलीस त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? वाटलं, आज सांगेल, पुढच्या वेळी सांगेल. मजाही वाटली आधी. पण मावशी, मी पोहायला जाणं बुडवून बसत होते. आठवड्यात एकच दिवस मिळतो मला. आधी तू अडली आहेस असं समजून बसले, मग तू सांगशील म्हणून." तिचा आवाज चढला नाही, हेच बाईंना जास्त लागलं. "नुसतं सांगायचंस ना, गप्पा मारायच्यात म्हणून."

"सांगितलं असतं तर किती वेळ बसली असतीस?"

भाचीने विचार केला. तिने खरंच विचार केला, हे बाईंना कळलं.

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

"हं."

"पण म्हणून फसवायचं?"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. आणखी काही जोडावंसं वाटलं, पण जोडण्यासारखं काही नव्हतं.

भाचीच्या वरच्या मजल्यावर ढोलकी वाजत होती. ती ऐकू आली, पण त्याविषयी कुणीच काही बोललं नाही. थोड्या वेळाने भाचीने कामाचा एक प्रश्न विचारला. "फोटो आपोआप सरकायला हवेत का? दर चार सेकंदांनी? एका ओळीचं काम आहे."

"नको," बाई म्हणाल्या. "ज्याला बघायचं तो दाबेल. घाई नको."

"ठीक आहे. मग हे झालं." आणि ते झालं. त्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन संपला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाईंनी केला नाही. आपण केला तर ती उचलेल, आणि उचलल्यावर तिला काय वाटेल याचा अंदाज येईना. अकराच्या सुमाराला त्या पुढच्या खोलीत येऊन बसत. कामाचं काही नसलं की पेज उघडून फोटो फिरवत. कुठे चूक नव्हती. तळहातावरच्या डोळ्यानंतर मेणाचा आकार, मेणानंतर बुबुळ.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, तरुण. ती केस कापण्याचं काम करायची. सहा महिन्यांपूर्वी गाठीमुळे डोळा काढावा लागला होता.

"तुमचं पेज बघितलं," ती म्हणाली. "रेशमाच्या धाग्याचा फोटो. तो मी आठ-दहा वेळा बघितला असेल. मला वाटायचं हे यंत्रातून निघतं, गोट्यांसारखं."

"नाही. हातानेच करते."

"आरशासमोर उभं राहून काम आहे हो माझं. दिवसभर आरसा. गिऱ्हाईक आपल्या केसांकडे बघतं, आणि मी..." मग तिने विचारलं, "किती दिवस लागतात?"

"नऊ. रोज थोडा थोडा वेळ यावं लागेल. सकाळी या, उजेड चांगला असतो."

"एकटीने आलं तर चालेल ना?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "जिन्याची चौथी पायरी उंच आहे. सांभाळून."

ती आली. पाचव्या दिवसापर्यंत बडबडही करू लागली. बाईंचे केस मागून एकसारखे कापलेले नाहीत हे तिने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं म्हणे, पण सांगायचा धीर आत्ता झाला. बाई खूप दिवसांनी मनापासून हसल्या. पण नऊ दिवस म्हणजे नऊच दिवस. नवव्या दिवशी ती आपला डोळा घेऊन गेली, दारात बाईंचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून, आणि खोली पुन्हा होती तशी झाली.

त्या रविवारी अकराला पाच कमी असताना फोन वाजला. भाची. मागे रस्त्याचे आवाज होते.

"पोहायला निघालेय," ती म्हणाली. "चालत दहा मिनिटं लागतात. म्हटलं, बोलू. कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"मी मजेत. अगं, तो कपवाला दुसरीकडे लागला. जाताना माझाच कप घेऊन गेला." दोघी हसल्या. हसणं जरा बेताचंच होतं, नवीन बुटात चालावं तसं. "पेजवरून कुणी आलं का?"

"आली ना एक. केस कापते. फार बोलकी. तिचं बुबुळ इतकं अवघड होतं, मधाच्या रंगाचं, पण उन्हात धरलं की त्यात..."

"मावशी, पोचले मी. आत फोन नेता येत नाही. पुढच्या रविवारी सांगशील?"

"सांगेन."

"नक्की हं. ठेवते."

बाईंनी फोन टेबलावर ठेवला. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. अजून अख्खा रविवार पुढे पडला होता.